दुकानाची पट्टी

हेडक्लार्कांनी आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि तीही आपल्या कामाचा खरेपणा पटवून द्यायला. बायकोच्या फाटक्या पर्समधून त्यांनी एका मोठ्या दुकानाच्या नावाची पट्टी उसवली आणि स्वतःच्या हाताने शिवलेल्या पर्सच्या आत टाचून टाकली.

तशी वेळच आणली होती घरच्यांनी. या माणसाला फायलींपलीकडे नाद एकच, चामड्याच्या वस्तू शिवण्याचा. आरीने एकेक भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओढायचा, बोटं सोलून घ्यायची. (ऑफिसात ते टाइप करताना कण्हत. साहेबांना वाटे, कामाचा कंटाळा. तोही होताच म्हणा.) एका पर्सपायी महिनोन् महिने सगळ्या सुट्ट्या जात. आणि त्याचं चीज काय? मेहुण्यासाठी केलेला पट्टा त्याच्या कुत्र्याच्या गळ्यात. सासूबाईंच्या बटव्यात कपड्यांचे चिमटे. आणि सख्ख्या मोठ्या बहिणीला दिलेल्या पर्समध्ये चक्क कांदे!

"अरे छोटू, मजबूत आहे म्हणून तर ठेवते ना!" ताई म्हणाली होती. पन्नाशीतल्या हेडक्लार्कांना ती अजून छोटूच म्हणे. "आणि तुला काय रे, बसल्या बसल्या होतं. टीव्ही बघता बघता!"

हेडक्लार्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'काय काम आहे!' हे ऐकायचंच, असा त्यांनी पण केला. नवी पर्स घरात कुणाला कळू नये म्हणून ऑफिसच्या रेकॉर्डरूममध्ये दाराला कडी लावून शिवली. वर दुकानाची पट्टी, दुकानाचाच खोका.

वाढदिवसाला ताईने खोका उघडला, पट्टी वाचली आणि डोळेच विस्फारले.

"अगंबाई, काय काम आहे! शिवण बघा, कशी एका रेषेत! छोटू, याला म्हणतात वस्तू. बघून शीक जरा."

शेवटचं वाक्य नसतं, तर हेडक्लार्क तिथेच रडले असते. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने त्यात केकचा तुकडा कोंबला.

आठवड्याने ताईचा फोन. "छोटू, पर्स छान होती रे, पण धुता येईना. दुकानात बदलून आणली. पट्टी बघून त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही! आता प्लॅस्टिकची घेतलीय. लालभडक."

हेडक्लार्क फोनवर काय बोलले ते छापता येणार नाही. तसेच चपला सरकवून ते दुकानात गेले. पाहतात तो काय, काचेच्या कपाटात, दिव्याखाली त्यांची पर्स! शेजारी पाटी : 'हाताने शिवलेली. एकच नग.' आणि खाली असा आकडा, की त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचला. घरच्यांना कधी कळलं नाही ते परक्या माणसाला कळलं होतं. त्यांचा ऊर भरून आला.

"ही मी शिवलीय!" ते विक्रेत्यावर ओरडले.

"साहेब, भाव पाडायला लोक काय काय सांगतात! काल एक जण म्हणाला, हे दुकानच त्याच्या आजोबांचं आहे."

"अहो, तो कोपऱ्यातला टाका बघा, तिरका गेलाय!"

"खोड काढूनही कमी होणार नाही."

इतक्यात मागून एका बाईंनी "ती पर्स दाखवा हो," म्हटलं. हेडक्लार्कांचं डोकंच फिरलं. कूलरसाठी साठवून पाकिटात ठेवलेले पैसे त्यांनी काउंटरवर आदळले, पर्स बगलेत मारली आणि थेट ताईचं घर गाठलं. बायकोही तिथेच चहा पीत बसलेली.

"ही मी शिवलीय! मी! माझ्या या हातांनी!" त्यांनी पर्स टेबलावर आपटली. आतून पावती बाहेर पडली.

ताईने पर्स ओळखली. मग पावती उचलून शांतपणे वाचली. "दुकानाची पट्टी, दुकानाची पावती, त्यावर तुझं नाव, तारीख आजची. आणि म्हणे मी शिवली! छोटू, या वयात खोटं?"

पावती बायकोच्या हातात गेली. तिने आकडा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अहो, एवढे पैसे घातलेत? घरी शिवली असतीत, तर फुकटात झाली असती!"