हातातला जोर

"अगं, स्टिअरिंग आहे ते, विहिरीचा रहाट नाही. एवढं काय कुंथतेस?" तज्ज्ञ शेजारच्या सीटवर मागे रेलून म्हणाले.

बायकोने दोन्ही हातांनी चाक ओढलं, दातओठ खाल्ले, तेव्हा कुठे ती जुनीपुराणी गाडी इमारतीच्या फाटकातून कशीबशी आत वळली. वळताना बॉनेटखालून लांबलचक कण्हण्याचा आवाज आला.

"पूर्वी एका बोटाने वळायची," ती घाम पुसत म्हणाली.

"पूर्वी मी चालवायचो. तुझ्या हातात जोर नाही, एवढंच."

त्यांना 'तज्ज्ञ' हे नाव इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं. लिफ्ट अडको, टाकी वाहो, की कुणाचं पोर गणितात नापास होवो, तज्ज्ञ हात मागे बांधून तिथे हजर आणि त्यांचं मत त्यांच्या आधी हजर. लोक हे नाव पाठीमागे, तोंड वाकडं करून घेत. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं, तर त्यांना वाटलं, चला, उशिरा का होईना लोकांना कळलं. हल्ली त्यांना न्यायला ऑफिसची बस दारात येई, त्यामुळे कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतः गाडीच्या चाकाला हात लावला नव्हता. पण शिकवायला चाकाला हात कशाला लावावा लागतो?

बायको इस्पितळात सिस्टर. शहराबाहेर इस्पितळाची नवी शाखा निघाली होती आणि तिथे मुख्य सिस्टर म्हणून तिची निवड झाली होती. तिकडे बस जात नव्हती. सोमवारी रुजू होताना गाडीचा परवाना दाखवायचा, नाहीतर ती जागा दुसऱ्या सिस्टरला, असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. टेस्ट शनिवारी होती. ही जागा तिला हवी होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हुकमावर सलाइनच्या बाटल्या बदलल्यावर एकदा तरी आपला शब्द वॉर्डात चालावा, असं तिला फार वाटत होतं.

"अहो, एकदा तुम्ही चालवून बघा ना," ती म्हणाली.

"मी चालवली तर तू शिकणार कशी?"

"गाडी कण्हतेय. उगाच कुणी कण्हत नाही. आणि खाली लाल डाग पडतायत."

"एसीचं पाणी."

"लाल?"

"गंज उतरतो त्यात."

"पेशंटखाली असा डाग दिसला तर मी डॉक्टरांना झोपेतून उठवते."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की शुक्रवारी संध्याकाळी तज्ज्ञांना बॉनेट उघडावंच लागलं. एका झाकणावर स्टिअरिंगचं चित्र होतं. त्यांनी ते फिरवून आत डोकावलं. डबी कोरडी ठणठणीत.

"मला वाटलंच होतं. पॉवर स्टिअरिंगचं तेल संपलंय," ते वर येऊन म्हणाले. "तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

गॅरेजमध्ये जायचा प्रश्नच नव्हता. गॅरेजवाले अडाणी असतात, हे त्यांचं जुनं मत होतं. तेल गळतंय तर कुठून गळतंय, हा प्रश्न त्यांनी पुढे ढकलला. कोपऱ्यावरून ते तेलाचा डबा घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांचं नेहमीचं काम सुरू झालं.

त्याचं असं होतं, की घरात आलेली कुठलीही पातळ वस्तू तज्ज्ञ मूळ डब्यात राहू देत नसत. डब्यावरची लेबलं म्हणजे नुसती जाहिरातबाजी, असं ते म्हणत. त्यांच्याकडे काचेच्या एकसारख्या बाटल्या होत्या. फिनेल, डोक्याचं तेल, व्हिनेगर, भांड्यांचा साबण, सगळं त्यांत ओतायचं आणि ओळीने मांडायचं. चिठ्ठी चिकटवायची नाही. "रंग बघा ना. डोळे कशाला दिलेत?" असं ते विचारत. तर त्या संध्याकाळी त्यांनी लालभडक तेल एका बाटलीत ओतलं, झाकण लावलं आणि ती बाटली ओट्यावर, भांड्यांच्या लाल साबणाच्या बाटलीशेजारी ठेवली. मग नरसाळं शोधायला गेले. नरसाळं सापडल्यावर लाल बाटली उचलून खाली गेले.

सकाळी लेक बेसिनपाशी वैतागली होती.

"बाबा, हा कसला साबण? घासावं तितकी भांडी तेलकट होतायत."

"तुला घासायची पद्धत माहीत नाही. गोल गोल घासायचं."

तिने गोल गोल घासलं आणि तिसरा कप हातातून निसटून फुटला. तज्ज्ञांनी हल्लीच्या पिढीला कपसुद्धा धरता येत नाही यावर चार वाक्यं ऐकवली आणि ते टेस्टला निघाले. गाडी अर्थातच बायकोने चालवायची होती.

वाटेत गाडी कण्हत नव्हती, आता ती गुळण्या करत होती. चाक तर आदल्या दिवसापेक्षा जड लागत होतं.

"नवीन तेल आहे. मुरायला वेळ लागतो," तज्ज्ञ म्हणाले.

मैदानात पोचेपर्यंत बॉनेटच्या फटींतून पांढरा फेस डोकावू लागला. रांगेत उभं राहिल्यावर तो दिव्यांवरून ओघळत बंपरवर आला. पहारेकरी वाळूची बादली घेऊन धावत आला आणि तज्ज्ञांनी खाली उतरून "काही नाही, वाफ आहे" म्हणून त्याला हाताने थोपवलं. वाफेचा एक मोठा बुडबुडा निघून त्यांच्या चष्म्यावर फुटला.

बायकोने वास घेतला. रोज तोच वास तिच्या हातांना असायचा.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मग सकाळी आपण भांडी कशाने घासली?"

तज्ज्ञांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसला.

इन्स्पेक्टर आला. त्याने फेसाकडे पाहिलं, मग आत बसून चाक फिरवून पाहिलं. ते त्याला जेमतेम हललं.

"मॅडम, पॉवर स्टिअरिंग साफ मेलंय. यावर आठचा आकडा निघायचा नाही. गाडी दुरुस्त करा, पुढच्या महिन्यात या."

"पुढच्या महिन्यात माझ्या जागी दुसरी असेल," ती म्हणाली. "साहेब, मी महिनाभर असंच चाक ओढतेय. मला वेगळं काही माहीतच नाही. घ्या टेस्ट."

इन्स्पेक्टरने खांदे उडवले आणि शेजारी बसला. तिने पदर खोचला, चाक धरलं आणि पलंगावरचा जाडजूड पेशंट कुशीवर वळवावा तशी ती गाडी वळवली. बेताने, कंबरेतून जोर लावून. मैदानावर फेसाची एक पांढरी रेघ उमटत गेली, आणि दुसरं वळण संपल्यावर सगळ्यांना दिसलं, तो आठचा आकडा होता. रेघेला कुठेही खोट नव्हती.

"पास," इन्स्पेक्टर उतरून म्हणाला. "हात आहेत की काय आहेत, बाई. आता ही फेसाची फॅक्टरी ट्रॅकवरून बाजूला घ्या. मागे रांग लागलीय."

ती आनंदाने उतरून लेकीला फोन लावायला गेली. परवान्याची बातमी सांगायची होती, आणि भांडी पुन्हा घासायलाही सांगायचं होतं. तेवढ्यात तज्ज्ञ चालकाच्या जागेवर जाऊन बसले. इतके लोक बघत होते, त्यांना काहीतरी दाखवणं भाग होतं. त्यांनी बाहेर एक ऐटदार नजर टाकली, गिअर टाकला आणि एका हाताने चाक फिरवायला घेतलं.

चाक हललं नाही. त्यांनी दुसरा हात लावला. मग खांदा लावला. दातओठ खाल्ले. चेहरा लालबुंद झाला, शर्टाचं एक बटण तुटलं, आणि गाडी नाकासमोर सरळ जाऊन खुणेच्या खांबाला टेकली. खांब आडवा झाला.

इन्स्पेक्टर सावकाश चालत आला. त्याने आधी काचेवरचा लाल 'एल' पाहिला, मग आत कुंथणारे तज्ज्ञ पाहिले, आणि फोन सोडून धावत आलेल्या बायकोकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुमचं झालं, पण यांना इतक्यात आणू नका. हातात जोर नाही अजून. महिनाभर घरी सराव करून घ्या."

तज्ज्ञांनी तोंड उघडलं. पण या वेळी त्यांच्या मताआधी बायको हजर होती.

"घेते करून," बायको म्हणाली आणि दार उघडून उभी राहिली. "सरका तिकडे."

ते सरकले. तिने काचेवरचा 'एल' काढायला हात पुढे केला, क्षणभर शेजारी पाहिलं, आणि तो तसाच राहू दिला.