पूर्वेकडच्या स्वच्छतागृहाचा विजय

थॉर्नबेरी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने यंदा अजिंक्यपद मिळवलं आणि वर्तमानपत्रांनी त्याचं श्रेय प्रशिक्षक, खेळाडू आणि परमेश्वर यांना वाटून दिलं. वास्तविक ते स्टेडियमच्या पूर्वेकडच्या महिला स्वच्छतागृहाचं आहे. विजयसातत्य समितीचा चिटणीस या नात्याने हे नोंदवणं माझं कर्तव्य आहे. मी याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझ्या म्हणण्याला शास्त्रीय आधार असतो.

मक्याच्या शेतांनी वेढलेल्या आमच्या नेब्रास्कातल्या गावात संघ शनिवारी हरला, तर रविवारी चर्चमध्ये पाद्र्याशीही कोणी धड बोलत नाही. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून मार खात होतो. तेवढ्यात आर्डिस व्होल्मर नावाच्या आजी उठून स्वच्छतागृहात गेल्या आणि त्यांच्याच नातवाने, टकरने, खांबांमधून चेंडू मारून तीन गुण मिळवले. आजी परतल्या, तर समोरच्यांनी गुण केले.

"आजी, जरा परत जाऊन येता का?" मागच्या रांगेतून कोणीतरी हसत म्हणालं.

आजी गेल्या. आम्ही जिंकलो. पुढच्या शनिवारी हेच वाक्य पुन्हा आलं, तेव्हा कोणीही हसत नव्हतं.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं माझी आई म्हणायची. पण ती संख्याशास्त्र शिकलेली नव्हती. कॉलेजचे अध्यक्ष वेंडेल प्रुइट यांनी तातडीने समिती नेमली. समितीने स्वच्छतागृहात सोफा आणि हीटर बसवला, अध्यक्षांच्या आदेशाने बायकांना पश्चिमेकडच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहात पिटाळलं आणि दारावर पितळी पाटी लावली: 'व्होल्मर विजयकक्ष'. आजींनी टीव्ही मागितला. टीव्हीवर पाहणं हेही पाहणंच होय, असा अभिप्राय मी दिला आणि मागणी फेटाळली गेली.

मग प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, की थॉर्नबेरीचा एक जास्तीचा खेळाडू लपून खेळतो. स्पर्धेच्या मंडळाने निकाल दिला की हरकत नाही, मात्र खेळाडूने संघाची जर्सी घातली पाहिजे. जर्सी घालायची तर विद्यार्थी असणं भाग. म्हणून आजींना 'विश्रांतीचा इतिहास' या विषयाला बसवलं. त्यात संघातले निम्मे खेळाडू आधीपासून होतेच. आजी वर्गात जाऊन बसायला लागल्या, तेव्हा त्या विषयाला शिक्षक नेमावा लागला.

आम्ही जिंकत गेलो. अंतिम सामना आमच्याच मैदानावर ठरला, तेव्हा आजी अध्यक्षांच्या दालनात आल्या.

"वेंडेल, टकरचं हे शेवटचं वर्ष. पोराला आत्ता कुठे संघात जागा मिळाली आणि मी त्याला एकदाही बघितलं नाही. परसातल्या कपडे वाळत घालायच्या खांबांमधून मारायला मीच शिकवलं रे त्याला. एकदा बघू दे."

"आजी, अख्ख्या गावाचा प्रश्न आहे."

"गाव बाहेर बसून बघतंय. आत मी आहे."

"तुमचा त्याग कॉलेज विसरणार नाही."

"त्याग कसला डोंबलाचा! चर्चच्या रविवारच्या शाळेत मी तुला कोपऱ्यात उभं करायचे, त्याचा सूड उगवतोयस होय?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्ता उघडला. आजी आत, तर विजय. अपवाद नाही.

"प्रोफेसर," आजी म्हणाल्या, "मला एक सामना बाहेर बसवलं असतंत, तर कळलं असतं ना अपवाद आहे की नाही?"

प्रश्न चांगला होता. पण तो विषयपत्रिकेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजी माझ्या घरी आल्या. "तुमच्याकडचं ते लाल तिखट द्या थोडं." मी भारतातून आणलेल्या लवंगी मिरचीच्या तिखटाची बरणीच दिली. त्यागमूर्तीला नाही कसं म्हणणार?

सामन्याच्या सकाळी गावजेवणासाठी वाहनतळावर ट्रकांच्या मागच्या फळ्या पाडून शेगड्या पेटल्या. आजींनी पातेलंभर राजमा-खिम्याची चिली केली होती आणि सोबत नेब्रास्कातल्या पद्धतीप्रमाणे दालचिनीचे गोड रोल.

"वेंडेल, तुझी वेगळी काढून ठेवलीय हं."

अध्यक्षांनी दोन वाडगे संपवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांच्यासमोर माणूस 'छान' याशिवाय काय म्हणणार?

शेवटची काही सेकंदं उरली. आम्ही दोन गुणांनी मागे. टकर चेंडूपाशी आला. गाव देव पाण्यात घालून बसलं. मी विजयकक्षाच्या दारावर पहारा देत होतो, तेवढ्यात अध्यक्ष पोट धरून धावत आले. बाकी सगळीकडे रांगा होत्या, त्यांच्याच आदेशामुळे.

"आजी, दार उघडा!"

"मी बाहेर आले तर आपण हरू ना रे?"

"आजी, पाया पडतो!"

"आणि समितीचं काय?"

"खड्ड्यात गेली समिती!"

ठराव तोंडी होता, पण अध्यक्षांचाच असल्याने मी तो ग्राह्य धरला. दार उघडलं. अध्यक्ष आत गेले आणि जर्सी घातलेल्या आजी गुडघे दुखत असूनही पायऱ्या चढून वर पोचल्या, मागोमाग मी. त्यांना पाहून अख्ख्या पूर्व बाजूच्या तोंडचं पाणी पळालं. टकरने मान वर केली, आजीला पाहिलं, आणि मारला.

चेंडू खांबांच्या मधोमध गेला.

"बघा! बघा हो! माझ्या दोरीवरूनसुद्धा गेला असता!" आजी ओरडत होत्या आणि मी, समितीचा चिटणीस, ढसाढसा रडत होतो. पोरांनी विजयाच्या रिवाजाप्रमाणे मैदानावरचे खांब उपटले आणि ते नदीत फेकायला निघाली. आजींनी त्यांना अडवलं आणि ते आपल्या परसात रोवून घेतले.

माझा सुधारित अहवाल सोमवारी मंजूर झाला. आत आजीच असण्याची गरज नाही, आत कोणीतरी असणं पुरेसं आहे, आणि निर्णायक क्षणी तिथे अध्यक्ष होते. पुढच्या हंगामात तेच बसतील.

"पण मला सामने बघायचेत!" अध्यक्ष कळवळले.

"तुझा त्याग कॉलेज विसरणार नाही," समितीच्या नव्या सदस्या आर्डिस व्होल्मर म्हणाल्या.

हसताय? हसा. पण गेल्या क्रिकेटच्या अंतिम सामन्यात 'तू बाहेर आलीस की विकेट जाते' असं म्हणून तुम्ही जिला स्वयंपाकघरात धाडलंत, ती बाहेर आली का, तेवढं जरा बघून या.