जनरल अ‍ॅव्हरेज आणि सासऱ्यांची खुर्ची

घर बदलायचं ठरलं तेव्हा चीफ ऑफिसरांनी हमालांना बाजूला सारलं. "जन्म गेला जहाजावर माल भरण्यात. दोन कपाटं ती काय!" सुट्टीवर आलेला हा माणूस कुणावर तरी हुकूम सोडणारच, हे ओळखून बायको किल्ल्या घेऊन नव्या घरी पुढे निघून गेली.

टेम्पो त्यांनी मोठ्या ऐटीत भरला. त्यांची स्वतःची नवीकोरी, मागे रेलणारी गुबगुबीत खुर्ची गाद्यांच्या मधोमध सुखरूप बसली. तिच्यात लोळायचं या एकाच आशेवर त्यांनी बोटीवरचे महिने ढकलले होते. सासरे आता लेकीकडेच राहायला येणार होते. त्यांची जीव की प्राण असलेली लाकडी आरामखुर्ची सगळ्यात शेवटी चढली, ती मागच्या फळीपाशी. सासरे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि जावई मागे, सामानावर.

समोरून आलेल्या गाडीला वाट द्यायला टेम्पो चढावर थांबला, आणि पुन्हा निघताना अडला. इंजिन गुरगुरलं, धूर निघाला, पण गाडी तसूभर हलेना. मागे उतार आणि उताराच्या टोकाला नाला. "गेलो आता मागे!" चीफ ऑफिसर ओरडले. "वजन कमी करा!" हुकूम त्यांनीच सोडला आणि पाळायला दुसरं कुणी नसल्यामुळे त्यांनीच पाळला. फळी उघडून त्यांनी आरामखुर्ची ढकलून दिली. ती कोलांट्या खात खाली गेली, नाल्याच्या कठड्यावर आपटली आणि तिचं सरपण झालं. त्याच क्षणी टेम्पो झोकात चढू लागला.

नव्या घरात सामान उतरलं आणि बायकोने विचारलं, "बाबांची खुर्ची कुठेय?"

"तिचा त्याग करावा लागला," चीफ ऑफिसर ताठ मानेने म्हणाले. "जहाज संकटात असलं की थोडा माल समुद्रात टाकतात आणि बाकीचा वाचवतात. याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. मी शिकवतो हे ज्युनिअर पोरांना."

"आणि ज्याचा माल टाकला, त्यानं काय करायचं? टाळ्या वाजवायच्या?"

"छे! ज्यांचा माल वाचला त्या सगळ्यांनी मिळून त्याचं नुकसान भरून द्यायचं. जेवढा महाग माल, तेवढा मोठा वाटा."

"आणि विमा?"

"विमा असेल तर हा वाटा कंपनी भरते. आपण... आपण तो काढला नव्हता."

"पोरांना शिकवता ना?"

सासरे शांतपणे पाणी पीत होते. ते निवृत्त तिकीट तपासनीस. समोरच्याला मनसोक्त बोलू द्यायचं आणि मग पकडायचं, ही त्यांची जुनी सवय.

"जावईबापू, समजा संकट खरं नव्हतंच. नुसतं वाटलं. मग?"

"मग प्रश्नच मिटला, बाबा!" चीफ ऑफिसर वर्गात बोलावं तसे ठणकावून म्हणाले. "मग कुणी कुणाचं काही देणं लागत नाही. ज्यानं घाईघाईत फेकलं, त्यानं एकट्यानं भरायचं."

"अस्सं. ड्रायव्हर हँडब्रेक काढायला विसरला होता. तुम्ही खुर्ची फेकलीत, तेवढ्यात त्यानं तो काढला. मी शेजारीच होतो."

दारात उभा असलेला ड्रायव्हर एकदम छताकडे बघू लागला. चीफ ऑफिसरांनी खाली मान घालून आपली गुबगुबीत खुर्ची खिडकीपाशी ओढत नेली. सासरे तिच्यात बसले, मागे रेलले आणि घोरायला लागले. चीफ ऑफिसरांना मनापासून वाईट वाटलं; आरामखुर्चीचंही आणि त्याहून जास्त स्वतःचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विमा एजंटला फोन लावला. "घरातल्या सगळ्या सामानाचा विमा काढायचाय. आजच्या आज!"

"काढू की. खास महागडं काही?"

"एक खुर्ची आहे. खिडकीपाशी."

"साहेब, तुम्हाला तर नियम ठाऊकच आहे. जी वस्तू बुडाल्यानं आपलं नुकसान होतं, तिचाच विमा काढता येतो. खुर्ची तुमचीच ना?"

चीफ ऑफिसरांनी वळून पाहिलं. सासऱ्यांनी पाय लांब केले होते, पोटावर वर्तमानपत्र होतं, आणि बायको त्यांच्या पाठीमागे हळूच उशी सरकवत होती.

"ती सोडून बाकीचं लिहा," ते म्हणाले.