दोर कोणी बांधला?

यशवंतच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, त्याला चौदा महिने होत आले होते. पत्रात प्रश्न एकच होता. दोघांनी अकरा वर्षं खपून केलेल्या ग्रंथसूचीच्या मुखपृष्ठावर एकट्या दिनकररावांचंच नाव छापून आलं होतं. 'शेवटचं प्रूफ कोणी पाहिलं, तेवढं कळव,' असं यशवंतनं लिहिलं होतं. प्रूफ दिनकररावांनी पाहिलं होतं. दोनदा. आतले तीनशे अनुस्वार त्यांनी दुरुस्त केले. मुखपृष्ठ तेवढं उलटून बघायचं राहिलं.

उत्तराचे मसुदे तेवीस झाले. ते पुण्याहून बर्लिनला लेकीकडे आले आणि तिथून जावयाने, म्हणजे मयुरेशने, भाड्याने घेतलेल्या मोटरबोटीवर चढले. पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीटही बरोबर होतं. उणीव फक्त पत्राची होती. महिनाअखेरीस यशवंत घर विकून मुलाकडे कॅनडाला चालला होता. आजच्या शनिवारी पत्र पेटीत पडलं नाही, तर ते रिकाम्या घरी पोचणार होतं.

"अहो, फोन करा ना सरळ," वसुधाबाई म्हणाल्या.

"फोनवर खोडता येत नाही."

आठवडाभर भटकून बोट हाफेल नदीने बर्लिनकडे परत निघाली होती. वाटेत जुनी लॉक्स लागत. दोन दरवाजांमधल्या हौदात बोट घालायची, हौदातलं पाणी उतरतं, त्याबरोबर बोट खाली येते आणि पुढचा दरवाजा उघडतो. तिथे माणूस नसतो. हिरवा दांडा फिरवला की काम सुरू, लाल ओढला की सगळं बंद. पुढच्या लॉकपाशी पिवळी टपालपेटी आहे आणि ती चारला रिकामी करतात, हे मयुरेशने मोबाइलवर बघून ठेवलं होतं.

लॉकपाशी ते दोनलाच पोचले. दिनकररावांना पुढे बसवून मयुरेश आत कांदेपोहे करायला गेला. मागून एक बोट आली. दिनकररावांनी हात पुढे करून म्हटलं, "आधी तुम्ही."

"नाइन, नाइन! झी झिंट द्रान!" बोटीवरचे आजोबा त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले. नंबर तुमचाच आहे, असा त्याचा अर्थ. दिनकररावांना तो संकोच वाटला. त्यांनी दोन्ही हात जोडून आग्रह केला. पंक्तीत वाढायला उभं राहावं तसा आग्रह. आजोबा गोंधळून पुढे गेले. पाठोपाठ आणखी दोन बोटींचा असाच मान राखला गेला.

पोह्यांची कढई घेऊन मयुरेश बाहेर आला. "बाबा, तीन वाजले! आपण अजून इथंच?"

"मंडळी घाईत दिसली."

"रिटायर्ड आहेत हो ते! त्यांना कसली घाई?"

अखेर बोट आत शिरली. "दोराचा खुंटाला नुसता वळसा द्या आणि टोक हातात धरा," मयुरेशने बजावलं. "पाणी उतरेल तसा सोडत राहा."

पण आपल्या हातून काही सुटणार नाही, याची खात्री दिनकररावांना आयुष्यात कधीच वाटली नव्हती. त्यांनी तीन निरगाठी मारल्या. पाणी उतरलं. बोटीची एक बाजू उतरली. दिनकररावांची बाजू खुंटाला लटकून राहिली.

पोहे घसरले. पाठोपाठ तेवीस मसुदे घसरत हाफेलमध्ये गेले.

"बाबा, लाल ओढा! लाल!"

दिनकरराव दांड्याशेजारची पाटी वाचू लागले. "फक्त धोक्याच्या वेळी, असं लिहिलंय. आता याला धोका म्हणायचं का..."

"सरका!" वसुधाबाईंनी दांडा ओढला. सगळं थांबलं. मागे सहा बोटी थांबल्या, पुढे चार.

तीनचे पावणेचार झाले, असं मयुरेश पुटपुटत होता तेव्हा लॉकची देखरेख करणाऱ्या फ्राउ लेमके गाडीतून उतरल्या. त्यांनी हौदात पुन्हा पाणी घेतलं, गाठी कापल्या आणि दिनकररावांपुढे एक फॉर्म धरला. दोर कोणी बांधला?

दिनकररावांनी पेन काढलं. "आणखी एक कागद मिळेल? आधी थोडी पार्श्वभूमी..."

"आल्झो, हे बघा," फ्राउ लेमके घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "जागा एका ओळीचीच आहे."

'दोर मी बांधला. चूक माझी,' दिनकररावांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये लिहिलं. आता दहा प्रश्न येतील म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले.

"गुट, छान," बाई म्हणाल्या, फॉर्म खिशात घातला आणि गाडीत बसल्या.

"एवढंच?" दिनकररावांनी मयुरेशला विचारलं.

"अजून काय हवंय? बाबा, पाच मिनिटं आहेत हं!"

वसुधाबाईंनी पोह्याच्या पिशवीला लावलेली सामानाची यादी काढली आणि तिची कोरी बाजू वर केली. दिनकररावांनी उभ्या उभ्या लिहिलं, 'शेवटचं प्रूफ मी पाहिलं. चूक माझी. दिनकर.' कागदाला तेलाचा डाग होता. खिशातलं पाकीट काढून, चिकटवून ते चक्क धावले.

पाकीट पेटीत पडलं आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, 'चूक'च्या आधी 'सर्वस्वी' हवं होतं. त्यांनी फटीत हात घालून पाहिला. जर्मन टपालखात्याने ती पत्र जाईल आणि हात जाणार नाही, एवढीच ठेवली होती.