निवांत दहाला

सुकुमार पाटलांना जेवायला बोलवायचं, असं मी ठरवलं. एवढंच. पण माझे सगळे घोटाळे 'एवढंच'पासूनच सुरू होतात.

आमची वसाहत माधवनगरच्या रस्त्याला, नवीकोरी. दुष्काळ सरल्यावर नगरपालिकेनं नळाची लाइन आणली खरी, पण ती पाटलांच्या कुंपणापाशी येऊन थांबली. आमचं घर त्यांच्या मागं. त्यांच्या परसातून पाइप नेऊ दिला तर आमच्या दारात पाणी. नाहीतर माझ्या बायकोच्या, सुलाच्या डोक्यावर हंडा आणि माझ्या डोक्यावर सुला, हे ठरलेलं. खणायला माणसं उद्याच येणार होती. (गिरणीतल्या कारकुनाला शिष्टाई चांगली जमते, असा माझा समज आहे. गिरणीचा नाही.)

रविवारी सकाळी भरली पिशवी घेऊन बाजारातून येताना मी पाटलांना दारातच गाठलं.

"आज रात्री आमच्याकडं जेवायला यायचं. आठ वाजता."

"आठ वाजता?" पाटलांचा चेहरा पडला.

"लवकर होतंय का? मग साडेआठ!"

"कशाला तरास, नानासो..."

"त्रास कसला! निवांत दहाला बसू की!"

"बघू," म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं. माझ्या आग्रहानं माणूस भारावला, अशा समजुतीत मी शीळ घालत घरी आलो.

सुलानं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी जमिनीवर ओतली. बटाटे, कांदे, लसूण, गाजरं, मुळे.

"आवं, जैन हायत ती माणसं! दिवस बुडाल्यावर घास घेत न्हाईत, जमिनीखालचं खात न्हाईत. तुमी बोलवलंय रातच्या धाला, आन् आणलंय समदं जमिनीखालचं!"

आम्ही मूळचे शिरवळचे, सांगलीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तेवढ्यात सुलानं अख्खी वसाहत ओळखीची केली होती. मला अजून भाजीतलं काय वर लागतं आणि काय खाली, एवढासुद्धा विचार करायची सवय नव्हती.

"आता गं?"

"आता जावा, माफी मागा, आन् पाच वाजता संगट घिऊन या."

मी पळत गेलो. पाटील आले, पण गप्प गप्प. सुलानं दुधी भोपळ्याची भाजी, मुगाची आमटी आणि शेवयांची खीर केली होती. ताटं वाढेपर्यंत आपला विषय काढावा म्हणून मी सुरुवात केली. पाणी म्हणजे जीवन, शेजारधर्म म्हणजे काय, वगैरे. पाटील सारखे खिडकीतून पश्चिमेकडं बघत होते. नजर चुकवतायत, हे मी बरोबर ओळखलं आणि भाषण आणखी वाढवलं. सूर्य गिरणीच्या धुराड्याला टेकला, तरी मी अजून शेजारधर्मातच.

शेवटी सुला पळी घेऊनच बाहेर आली. "आवं, पुरं करा की! दिवस बुडाया लागलाय, पाव्हण्यांना जेवू द्या!"

मी वाढायला उभा राहिलो. पाटील पोटभर जेवले. खीर तर तीनदा घेतली. त्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि बाहेर दिवस बुडाला. तेव्हा कुठं मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि... पाइपचं?" मी चाचरत विचारलं.

"त्ये वैनींनी आमच्या गुणमालाला कवाच इचारलंय. आमी व्हय म्हणून बसलोय. पर सकाळी तुमी धाला जेवाय बोलवलं! वाटलं, गडी चेष्टा करतोय. लय राग आला. म्हटलं, आता पाइप न्हाई म्हंजे न्हाई." पाटील हसले. "पर तुमी पळत आला, आन् वैनींची ही खीर. न्या पाइप!"

झालेलं काम मी सकाळी मोडलं होतं आणि सुलानं संध्याकाळी पुन्हा जोडलं होतं, पण नळ येणार होता! बाकीची भाजी, आमटी, खीर सुलानं पाटील जेवत असतानाच डब्यात भरून गुणमालावैनींकडं पोचवली होती. पाटलांना फाटकापर्यंत पोचवून मी आनंदानं पाटावर येऊन बसलो.

"वाढ गं सुला. सपाटून भूक लागलीय."

तिनं बटाट्यांची रास आणि विळी माझ्यापुढं सरकवली.

"चिरा. एवढी घाई कशाला? निवांत धाला बसू की."