ताकसांडे बाबूंची शांत दोरी

आमच्या अंगणात कपडे वाळत घालायची एक नायलॉनची दोरी आहे. ती रोज सकाळी साडेसहाला वाजते. ताकसांडे बाबू फिरून परत येताना फाटकावरून हात घालतात, ओला टॉवेल जरा बाजूला सारतात, दोरी दोन बोटांनी ओढतात आणि सोडून देतात. मग डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतात आणि निकाल देतात, "कटकट करते, भाऊ."

पहिल्या वेळी मी विचारलं होतं, "कोण?"

"दोरी. आन दुसरं कोन?"

माझी बायको तेव्हा मागे दारातच उभी होती. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

सावंगीच्या रस्त्याला लागून आमची कॉलनी आहे. इथे ताणून बांधलेली एकही वस्तू बाबूंच्या बोटांतून सुटलेली नाही. केबलची वायर, मच्छरदाणीची नाडी, गाईचं दावं, सगळं त्यांनी वाजवून पाहिलंय. आंजीला एका लग्नात नवरा-नवरी समोर उभे होते, पाहुणे फुलं हातात घेऊन बसले होते आणि बाबू मांडवाच्या दोरांना टिचक्या मारत बाहेरून फिरत होते. एक दोर कटकट करतो म्हणून त्यांनी तो सोडवून पुन्हा बांधायला लावला. मांडव पडला नाही, त्यामुळे त्यांचं म्हणणं खरं होतं की नाही ते कोणालाच कळलं नाही.

ते 'बाबू' झाले ते सरकारी कचेरीत. रेकॉर्ड रूममध्ये बत्तीस वर्षं त्यांनी फायली बांधल्या. आतल्या कागदावर काय लिहिलंय ते साहेबांनी बघायचं, गाठ सुटणार नाही एवढं बाबूंनी. मुलगी शीतल कॉलेजात तिरंदाजी शिकायला लागली आणि एकदा तिच्या धनुष्याची दोरी धागे सुटून मधेच पिसारली. नवी बाहेरून मागवायची तर महिना लागणार होता. बाबूंनी ती पिसारलेली दोरी उलगडून बघितली आणि म्हणाले, "हे तं फायलीचंच काम हाय." पुढे शीतलने तिरंदाजी सोडली, नर्स झाली, लग्न करून पुण्याला गेली. पोरीने धनुष्य सोडलं, बापाने दोरी सोडली नाही. तेव्हापासून मैदानात तिरंदाजी शिकणाऱ्या मुलींच्या दोऱ्या तेच करून देतात. मधल्या काळात त्यांची बायको गेली. आता घरात ते एकटेच असतात.

मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पुस्तकी शब्द तोंडात येतात. एकदा मी 'प्रत्यंचा' म्हणालो. "प्रत्यंचा नाटकात, भाऊ," ते म्हणाले. "मैदानात दोरी."

ही दोरी तयार होते त्यांच्या ओसरीवर. एक लांब सागाची फळी आहे, तिला चार खुंट्या. त्या खुंट्यांभोवती ते धागा फिरवत बसतात. हलक्या धनुष्याला सोळा तारा, जोरकस धनुष्याला अठरा. मोजताना कोणी बोललेलं चालत नाही. एकदा मी "चहा घेता का?" असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, झालेल्या अकरा तारा उलगडल्या, पहिल्यापासून सोळा मोजल्या आणि मग म्हणाले, "हो." तोवर माझी चहाची इच्छा गेली होती.

तारा झाल्या की मेण. ते आंजीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून येतं, खऱ्या मधमाश्यांचं. चामड्याच्या तुकड्याने ते दोरीत इतकं चोळायचं की दोरी हाताला गरम लागली पाहिजे. मग दोन्ही टोकांचे फासे आणि मधली बाण अडकवायची जागा बारीक धाग्याने घट्ट गुंडाळायची. मग अंगणातल्या कडुनिंबाला दोरी टांगून तिला खाली वरवंटा बांधायचा आणि एक दिवस तसंच सोडायचं. त्यानंतर ती धनुष्यावर चढवून मैदानात शंभर बाण मारायचे. "शंभर बाण खाल्ल्याबिगर दोरीचा भरोसा नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पास झालेल्या दोऱ्या स्टीलच्या टिफिनात जातात, एका पुडात एका मुलीची दोरी. आमच्याकडच्या मे महिन्यात मेणच काय, माणूसही वितळतो, म्हणून उन्हाळ्यात तो टिफिन माठाच्या तिवईखाली ठेवलेला असतो. एक मुलगी दोरी भर दुपारी स्कूटीच्या सीटवर विसरली होती. बाबू तिच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. दोरीची चौकशी मात्र रोज दुसऱ्यांकडून करत होते.

स्वतः त्यांनी आयुष्यात एकही बाण मारलेला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तबला बसवनारा येगळा रायते, वाजवनारा येगळा."

त्यांचा खरा दरारा ऐकण्याचा. शंभर बाण झाले की बाबू मैदानात प्लास्टिकच्या खुर्चीवर धनुष्याशेजारी बसायचे, डोळे मिटायचे आणि मुलीला तीन बाण मारायला सांगायचे. त्यांच्या मते चांगली दोरी बाण सुटताना एकदाच 'थुप्प' म्हणते आणि गप्प बसते. वाईट दोरी नंतरही झणझणत राहते. झणझणली की बाबू म्हणणार, "कटकट करते. दोन पीळ वाढव." पीळ वाढवला की दोरी किंचित आखूड होते, धनुष्य जरा जास्त वाकतं आणि आवाज बदलतो. पुन्हा तीन बाण. पुन्हा कटकट. चौथ्या वेळी कात्री निघायची आणि तीन दिवसांची मेहनत मुलीच्या डोळ्यांदेखत दोन तुकडे होऊन पडायची. मुली रडायच्या. तिथला तरुण कोच तेवढ्यात पाणी प्यायला निघून जायचा.

आणि मग गेल्या पोळ्यानंतर बाबू बदलले.

दोऱ्या पहिल्याच फटक्यात पास व्हायला लागल्या. "शांत हाय," ते म्हणायचे, "एकदम शांत." कात्रीला गंज चढला. कॉलनीत सगळे म्हणाले, वय झालं की माणूस निवळतो. घरात टीव्ही मोठ्याने लागायला लागला, तेव्हा म्हणाले, एकट्या माणसाला सोबत लागते. शीतलचा फोन आला की बाबू "रेंज नाई, रेंज नाई" म्हणत पाच मिनिटांत ठेवून द्यायचे. त्याबद्दल आम्ही कंपनीला नावं ठेवली. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी आमची दोरी वाजवली, बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले आणि म्हणाले, "शांत हाय." मी बायकोला आत जाऊन ही बातमी दिली. सात वर्षांनी आमच्या घरातली एक वस्तू पास झाली होती.

मला उलगडा झाला तो मैदानात. संध्याकाळी फिरायला गेलो होतो. बाबूंनी आचल नावाच्या मुलीची दोरी नुकतीच पास केली होती. ही आचल आंजीहून बसने येते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्या मैदानातली सगळ्यात चांगली तिरंदाज. बाबू चहाच्या टपरीकडे वळले आणि ही धनुष्य घेऊन शेडच्या मागे गेली. मी बघतो तर दोरी उतरवून तिला पीळ देत होती. चढवली, एक बाण मारला, कान देऊन ऐकलं, परत उतरवली.

"काय गं, पास झाली ना दोरी?" मी विचारलं.

ती दचकली. मग टपरीकडे, बाबूंकडे बघत हळूच म्हणाली, "काका, आबाजीले आयकू येत नाई. आमाले सगळ्यायले मालूम हाय."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगून काय करू? मंग ते येनारच नाई ना मैदानावर." तिने दोरीला आणखी एक पीळ दिला. "दोरी तं आमी बी नीट करून घेतो. आबाजी कुठून आनू?"

मला फार वाईट वाटलं. तरी मीही काही बोललो नाही. ग्रंथालयात एवढी वर्षं काढल्यावर गप्प राहायची सवय लागते.

राज्याच्या संघासाठी निवड रविवारी होती. बुधवारी आचलची जुनी दोरी बाण अडकवायच्या जागी पिसारली. ती घेऊन उतरण्यात अर्थ नव्हता. बाबूंनी त्याच दिवशी नवी केली, गुरुवारी ती वरवंटा बांधून कडुनिंबाला टांगली. शुक्रवारी दिवसभरात शंभर बाण आणि संध्याकाळी ऐकायचं, असं ठरलं.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला आमची दोरी वाजली. मग पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा मी बाहेर आलो. बाबू फाटक उघडून आत आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "भाऊ, तुमी लायब्ररीत होते ना?"

"एकोणतीस वर्षं."

"मंग शांतता तुमाले समजत असन."

एवढा मान मला त्या नोकरीत कोणी दिला नव्हता. मी म्हणालो, "समजते थोडीफार."

"मले समजेनाशी झाली." ते कपड्यांच्या दोरीकडे बघत होते. "पोळ्यापासून सगळ्याच दोऱ्या शांत झाल्या. मले वाटलं, हात सुधरला माह्या. दोन महिने भल्ला खुश होतो मी, भाऊ. मंग एक दिवस तुमची दोरी शांत झाली." ते माझ्याकडे वळले. "तुमची दोरी! ते काई शांत होनारी हाय काय?"

मी म्हणालो, "कान दाखवा. एवढे मोठे दवाखाने दाराशी आहेत. मशीन लावून देतील."

माझं बोलणं त्यांनी ओठांवरून वाचलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "दाखवन ना. पन पोरगी नर्स हाय. तिले समजलं तं ते मले पुन्याले नेईन. चांगली पोरगी हाय, ठेवीन बी चांगली. पन मी तथी बसून कायची दोरी करू?" मग म्हणाले, "पोट्ट्या शेडच्या मांगं पीळ देतेत. मालूम हाय मले. संध्याकाळी दोऱ्या मेन लावायले माह्याच पाशी येते ना. मी चोवीस पीळ देतो, उलगडले का सत्तावीस निघते."

"मग बोलला का नाहीत त्यांना?"

"बोललो तं त्याईले खोटं बोलावं लागनार नाई. मंग मले कायले बोलावतीन?"

शेडच्या मागे आचल जे बोलली होती, तेच हे. दोन्हीकडून एकमेकांना सांभाळणं चाललं होतं आणि मधल्या मध्ये दोरीचा पीळ वाढत होता.

"आज आचलची दोरी हाय," ते म्हणाले. "आज चूक नाई झाली पायजे. तुमी माह्या बाजूले बसा. कटकट केली तं माह्या चपलीले पाय लावजा. बस."

संध्याकाळी मैदानात दोन खुर्च्या मांडल्या. कोचने माझ्याकडे प्रश्नार्थक बघितलं. "भाऊले शौक लागला," बाबूंनी परस्पर सांगून टाकलं.

बाबूंनी डोळे मिटले. आचलने बाण सोडला. मला तर तो आवाज बराच बरा वाटला, पण नीट कान दिल्यावर त्याच्यामागे एक बारीक झणझण उरलेली ऐकू आली, वाचनालयात कोणीतरी लांब कुठे तरी स्टूल सरकवावं तशी. मी पाय सरकवून त्यांच्या चपलेला लावला.

"कटकट करते!" बाबू ओरडले. "दोन पीळ वाढव!"

आचल वळून बघतच राहिली. मैदानातल्या सगळ्या मुली थांबल्या. पोळ्यापासून हा आवाज कोणी ऐकला नव्हता. कोच सवयीने पाणी प्यायला निघाला. आचलने घाईघाईने दोन पीळ दिले, तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. पुन्हा बाण. पुन्हा माझा पाय. "अजून कटकट हाय! एक पीळ!" बाबू आता खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते.

तिसऱ्या वेळी दोरी 'थुप्प' म्हणाली आणि गप्प बसली. दुसऱ्या बाणालाही तसंच. तिसऱ्यालाही. मी पाय हलवला नाही. शेजारी बघितलं तर बाबूंचे डोळे उघडे होते आणि ते माझ्या पायाकडे बघत होते, पाय हलतो की काय म्हणून. आचलही तिकडेच बघत होती. तिने एकदा माझ्या पायाकडे बघितलं, एकदा बाबूंच्या चपलेकडे, आणि मान वळवून निशाण्याकडे बघायला लागली.

"शांत हाय," बाबू म्हणाले.

आचलने धनुष्य स्टँडवर ठेवलं. त्या दिवशी ती शेडच्या मागे गेली नाही.

घरी येताना कॉलनीचं वळण आलं तेव्हा बाबू थांबले. "भाऊ, शेवटी कशी बोलली? सांगा ना."

मी त्यांच्यासमोर येऊन उभा राहिलो, माझं तोंड त्यांना दिसेल असा. म्हणालो, "एकदा थुप्प म्हणाली. मग काहीच नाही."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

त्यांनी मान तिरकी केली आणि डोळे मिटले. रस्त्यावरून सावंगीच्या बसेस जात होत्या, हॉर्न वाजत होते. बाबू तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हो. तसीच रायते ते."

रविवारी आचलची निवड झाली. बाबूंनी सगळं श्रेय आंजीच्या मधमाश्यांना दिलं. कान दाखवायचं त्यांनी कबूल केलंय, शीतलला अजून सांगितलेलं नाही. तोवर मैदानात रोज दोन खुर्च्या असतात.

सोमवारी सकाळी साडेसहाला आमची दोरी वाजली. मी बाहेर आलो तर बाबू टॉवेल बाजूला सारून उभे होते आणि दोरीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हनते?" त्यांनी विचारलं.

मी नीट कान दिला आणि म्हणालो, "कटकट करते, बाबू."

"वाटलंच मले," ते म्हणाले आणि खुश होऊन घरी गेले.