लिलीची राखण

पुष्पाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी जामनेरला निघाल्या, तेव्हा एसटीच्या खिडकीतून त्यांनी रतिलाल आबांना एकच गोष्ट बजावली, "जेवन करा नका करा, मन्ही लिली सांभाळज्यात." माहेराहून आणलेले लिलीचे ते कांदे दर मे महिन्यात अंगणात लालभडक फुलत. पण दोन वर्षांपासून सातपुड्यातली हरणं पाण्यासाठी चोपड्याच्या शिवारात उतरत होती आणि जाता जाता सगळ्या कळ्या फस्त करत होती.

तीस वर्षं लोकांचं टपाल सांभाळलेल्या पोस्टमास्तराला बारा फुलं सांभाळणं काय जड? तरी आबांनी शेजारच्या उखर्डूला विचारलं. तो म्हणाला, "सोपं शे आबा. वावरले बांधतस तसा जुना लुगडा बांधी द्या. रंगीत फडफडनं का जनावर फिरकत नही."

जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातली तीन लुगडी बांधून तीन बाजू झाल्या. नाल्याकडची बाजू उघडीच राहिली. मग आबांनी पेटीच्या तळातून एक विटकं हिरवं लुगडं काढलं. पुष्पाबाई ते कधी नेसत नाहीत, म्हणजे ते नको असलेलंच, असा त्यांचा सरळ हिशोब. माणूस शहाणा, पण बायकोच्या पेटीत भल्याभल्यांची अक्कल चालत नाही.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी सकाळी मोठ्या शिंगांचं एक हरीण आलं, हिरवा पदर पाला समजून ओढायला गेलं, शिंगं अडकली, आणि बिचकून ते लुगड्यासकट नाल्यात उतरलं. आबा एका पायात चप्पल घालून मागे धावले, पण हरीण लुगड्यासकट दिसेनासं झालं. दुपारपर्यंत गावभर झालं. जो तो विचारी, "आबा, हरीणले नऊवारी पुरनं का?"

पुष्पाबाई परतल्या तेव्हा बाराही फुलं डोलत होती. त्या हरखल्या. "तीस वरीसमा पहिलाच डाव मन्हं आयकं तुम्ही."

आबांना तिथे गप्प बसता आलं असतं. पण ते कौतुक त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

पुष्पाबाई ओट्यावर बसल्या. "फुलं पुढला साल बी येतीस. ते मन्ही मायनं लुगडं व्हतं. ती गयी तवय तेवढंच मांगी लई उनू. बावीस वरीस घडी मोडी नही."

त्या रडल्या नाहीत, आणि आबांना तेच सोसेना. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र परत मागवता येतं. हे कुठून मागवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी सहा फुलं खुडली आणि लुगड्याच्या बदल्यात हरणापुढे ठेवायला म्हणून नाल्याच्या काठी जाऊन बसले. हरीण आलं नाही. ऊन चढेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

मग पुष्पाबाई येऊन शेजारी बसल्या. उरलेली सहा फुलं खुडून त्यांनी ओच्यात आणली होती.